पंख्यातली काजळी

"धूप देवापुढे ठेवून मोकळी होऊ नको गो लतिका. धुपाटणं हातात घे नि घरभर फिर. आणि घरातलं माणूस जिथे बसून कष्ट करतं ना, तिथे जरा जास्त थांब. कष्टाच्या जागेचा मान देव्हाऱ्याच्या खालोखाल."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण संगमेश्वरकडचा तो ठसकेदार आवाज लतिकाच्या कानात रोज तिन्हीसांजेला उठायचाच. मग ती गॅसवर करवंटीचे तुकडे पेटवायची, निखारे धुपाटण्यात घालायची, वर ऊद, राळ आणि गुग्गुळाची चिमूट टाकायची आणि ओठांतल्या ओठांत स्तोत्र पुटपुटत गोखिवऱ्यातल्या आपल्या छोट्याशा फ्लॅटमध्ये फिरायची. स्वयंपाकघर, मोरी, मुलाची खोली, आणि सगळ्यांत शेवटी खिडकीजवळचं टेबल. तिथे तिची सून उन्नती दिवसभर काम करायची. सासूबाईंचा शब्द पाळून लतिका त्या टेबलापाशी स्तोत्र संपेपर्यंत उभी राहायची.

टेबलावर एका उंच स्टँडवर उन्नतीचा लॅपटॉप असायचा, आणि त्याची एक गंमत लतिकाच्या लक्षात आली होती. खालच्या जाळीपाशी धुपाटणं धरलं की धूर वर न जाता वळसा घेऊन थेट त्या जाळीत शिरायचा. देवाने नैवेद्य गोड मानून घ्यावा तसं ते यंत्र धूप घ्यायचं. पोरीच्या कामावर कृपादृष्टी आहे म्हणायची, असं मनात आणून लतिका धुपाटणं आणखी जवळ धरायची.

तिला दहशत होती ती दुसऱ्या धुराची. तिचे यजमान सुधाकरराव सिगारेटी ओढत. बाल्कनीत उभं राहून, लाजत, माफी मागत, पण ओढत. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली, तेव्हा छातीच्या जागी पसरलेलं ते जाळं बघून लतिका खुर्चीवर बसली ती उठेचना. हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी त्यांच्या मुलाने, वेदांतने, तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "आई, मी आयुष्यात सिगारेटला हात लावणार नाही." त्या शब्दाच्या आधारावर तिने पुढचे दिवस काढले. रोज सकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय ती चहा घेत नसे, आणि अध्याय मिटताना तिचं मागणं एकच असे, पोराचा शब्द खरा राहू दे.

उन्नती एका फर्निचरच्या कारखान्यासाठी स्वयंपाकघरांची चित्रं काढायची. ओटा कुठे, कपाटं कशी, उजेड कुठून, सगळं खऱ्यासारखं. अलीकडे लॅपटॉप इतका अडायचा, की एक चित्र उमटेपर्यंत तिचं वरण शिजून व्हायचं. कारखान्याचे मालक हितेशभाई गोड बोलणारे गृहस्थ, पण तेही म्हणाले, "उन्नतीबेन, सोमवारी पार्टी बसेल समोर. तेव्हा तरी अटकायला नको."

तेव्हा उन्नती माणिकपूरला मर्विनच्या दुकानात गेली. मर्विन निर्मळ गावचा, वेदांतचा शाळेपासूनचा दोस्त, जुने कॉम्प्युटर विकायचा. त्याने लॅपटॉप उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "नव्या मालात प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, वहिनी. तो निघत नाही. तुमचं मॉडेल जुनं, सॉकेटवालं. एक स्क्रू फिरवला की मेंदू हातात. याच्याहून वेगवान एक सेकंडहँड पडलाय माझ्याकडे. घेऊन जा, मी घरी येऊन बसवून देतो फुरसतीत."

"फुरसतीत म्हणजे गणपतीनंतर," वेदांत घरी म्हणाला.

"म्हणून मीच बसवणार आहे," उन्नती म्हणाली.

"तू? कुकरची शिटी बसवायला मला हाक मारतेस."

"ती तुला उठवायला मारते. नाहीतर रविवारी तू उठतोस कधी?"

लतिका पदर तोंडाला लावून हसली. सुनेचं तिला कौतुक होतं, आणि त्या कौतुकात थोडी भीतीही मिसळलेली होती.

शनिवारची दुपार होती. वेदांत दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. जवळच प्लॅस्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात तो मशीनवर होता. लतिकाचा शनिवारचा उपास, म्हणून ती माळ घेऊन बाजूच्या खुर्चीवर बसली. उन्नतीने टेबलावर जुनी चादर अंथरली, बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला.

"हे काय गं? नमस्कार?"

"अंगातली वीज उतरवायची, आई. नाहीतर आतले पार्ट जळतात."

लतिकाला ते पटलं. देवाच्या कामाला बसताना हात धुतात, तसंच हे. निघालेले स्क्रू ठेवायला उन्नतीने मिसळणाचा जुना डबा घेतला होता. बाहेरचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, आतले जिऱ्याच्या, अगदी बारीक होते ते हळदीच्या. मागचं झाकण नखाने उचकटताना कट्‌ असा आवाज झाला, तेव्हा लतिकाची माळ जागच्या जागी थांबली.

"मोडलं?"

"नाही नाही. असंच सुटतं ते."

आत हिरवी पाटी, तांब्याची चपटी नळी आणि कडेला एक काळा पंखा होता. नळीखालीच प्रोसेसर होता, म्हणून आधी नळी आणि पंखा काढायचा होता. उन्नतीने ते सगळं एकत्र उचललं आणि उजेडाकडे धरलं. उचललं ते तसंच हातात राहिलं.

"बापरे," ती म्हणाली.

पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी असते, वारा जायला. तिथे जाळी दिसतच नव्हती. काळपट पिवळ्या, चिकट काजळीचा जाड थर तिथे बसला होता, लोकरीच्या नमद्याचा तुकडा कापून चिकटवावा तसा. उन्नतीने चिमट्याने ओढला तर तो तारा काढत सुटला.

 उजेडासमोर धरलेलं ते काळं जाळं तिने आधी एकदा बघितलं होतं.

उन्नतीने फोटो काढून मर्विनला पाठवला. लगेच त्याचा फोन आला. हात चिकट होते म्हणून तिने स्पीकर लावला.

"वहिनी, प्रोसेसरचं नंतर बघू. आधी सांगा, घरात सिगारेट कोण ओढतं?"

"काय?"

"अहो, नुसत्या धुळीचा असा चिकटा होत नाही. हा धुराचा आहे. माझ्याकडे बारमधले कॉम्प्युटर येतात ना, पोटातून अगदी हेच निघतं. नवऱ्याला म्हणावं, बाबा, बाल्कनीत जाऊन ओढ!"

शर्टाची बटणं लावत असलेला वेदांत तिथूनच ओरडला, "ए मर्विन, इथे कोणी ओढत नाही हां!"

"मग तुझा लॅपटॉप ओढत असेल!" मर्विन खदाखदा हसला. "बरं वहिनी, ब्रश मारा, साफ करा, मगच पुढे जा. ठेवतो, गिऱ्हाईक आहे."

फोन बंद झाला. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.  लतिकाच्या हातातली माळ मांडीवर घसरली आणि तिला कळलंही नाही.

"वेदांत," ती म्हणाली. तिचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता, आताही चढला नाही.

"काय?"

"रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर मॅच बघत बसतोस."

"हो. मग?"

"खिडकी उघडी टाकून."

"उकडतं म्हणून." वेदांतचा हात शेवटच्या बटणावर थांबला. "आई, तू काय विचारतेयस?"

"माझा हात तू डोक्यावर घेतला होतास. बाबांच्या उशाशी."

वेदांतचा चेहरा असा पडला, की कानफटात बसल्यावरही पडला नसता. तो टेबलाजवळ आला. काजळीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तू विचारत नाहीयेस आई. तू ठरवून मोकळी झालीयेस."

"मग हा धूर आला कुठून?"

"मला काय माहीत! उन्नती, तू तरी बोल."

उन्नती चिमटा हातात धरून उभी होती. "मला तुझ्या अंगाला कधी वास आला नाही," ती म्हणाली.

"कधी आला नाही. म्हणजे शोधत होतीस?"

"वेदांत, अरे, मी तुझ्या बाजूने बोलतेय!"

"बाजूने बोलावं लागतंय, हेच तर म्हणतोय मी." त्याने पायांत बूट चढवले. वर न बघता नाडी आवळली. "कारखान्यात सगळे ओढतात, आई. सुट्टी झाली की सगळे टपरीवर. मी एकटा गेटमधल्या बाकड्यावर बसतो. माझ्या पाळीतला स्टॅनी मला भटजी म्हणतो. म्हणू दे म्हटलं. घरी तर माहितीये ना, बस झालं." तो उभा राहिला. "तपास कर. माझे खिसे बघ, बॅग बघ, खाली पानवाल्याला विचार. आणि नाही निघालं काही, तर?"

लतिकाला त्याच्या डोळ्यांत बघवेना. "तर मी तुझ्यासमोर येऊन सांगेन. चुकलं म्हणेन."

"फोनवर नको."

"नाही. समोर येऊन."

त्याने जेवणाचा डबा उचलला आणि गेला. एरवी रुसला की तो डबा मुद्दाम ओट्यावर विसरायचा, मग लतिका जिन्यापर्यंत धावायची आणि तिथेच दोघांचं मिटायचं. आज त्याने तीही वाट ठेवली नव्हती.

दार लागल्यावर उन्नती पुन्हा टेबलाशी बसली. खाली मान घालून ब्रशने पाती साफ करू लागली. काजळीचे पापुद्रे वर्तमानपत्रावर पडत होते. लतिका उठली. उपासाची भगर वाटीत तशीच निवून गेली होती. ती वेदांतच्या खोलीत गेली, आणि ज्याची तिला पुढे फार दिवस शरम वाटत राहणार होती, ते तिने केलं. दाराला लटकवलेल्या पँटीच्या खिशात हात घातला.

हाताला एक चपटी डबी लागली. पेपरमिंटच्या गोळ्यांची.

 सुधाकररावही खिशात अशाच गोळ्या ठेवत. बाल्कनीतून आत येताना एक तोंडात टाकत आणि तिच्याकडे बघून उगीच हसत. तेच सगळं पुन्हा, याच घरात, तिच्या नाकाखाली. आणि ती रोज सकाळी पोथी मिटून काय मागत होती? देवाने ऐकलं नाही म्हणावं, की ऐकूनही कानाआड केलं म्हणावं? असा विचार आपल्या मनात आला, याचाच तिला दुसरा धक्का बसला. ती डबी घेऊन बाहेर आली आणि सुनेपुढे धरली.

उन्नतीने मान वर केली. "ही? ही मी घेऊन दिलीय. कांदा खाऊन आला की मी त्याला जवळ बसू..." ती लाल झाली. "म्हणजे, कांद्यासाठी आहे ती, आई."

लतिकाला धड हायसंही वाटेना. डबी कांद्याची असेल, पण ही काजळी? काळी, चिकट, डोळ्यांपुढे होती ती. तिला ती घरात नको झाली. कचऱ्याच्या बादलीतही नको. सासूबाई म्हणत, घरावरची पीडा केरात टाकू नये, विस्तवात टाकावी. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात आणि ती निखाऱ्यावर टाकतात, तशी. घाण वास सुटला की समजायचं, पीडा होती आणि गेली.

तिने वर्तमानपत्राची घडी उचलली, स्वयंपाकघरात गेली, करवंटीचे तुकडे पेटवले आणि निखारे एका फुटक्या तव्यात घेतले. सिगारेटचा तो कडवट वास आता उठणार, म्हणून तिने आधीच पदर नाकाला लावला आणि काजळीचे पापुद्रे निखाऱ्यांवर सोडले.

आधी केस जळल्यासारखी दुर्गंधी आली. ती धूळ होती, जळून गेली. मग काजळी तडतडली, वितळली, बुडबुडे आले आणि तिच्यातून पांढरा, दाट धूर उठला.

लतिकाने पदर खाली घेतला.

ऊद. राळ. गुग्गुळ.

पुन्हा एकदा वास घेतला. तव्यावर वाकून घेतला. डोळे मिटून घेतला. हा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. तिच्या साड्यांना होता, उशीला होता, पोथीच्या पानांना होता. पेटवला होता राक्षस म्हणून, आणि स्वयंपाकघरभर तिच्याच देव्हाऱ्याचा दरवळ पसरला होता.

"आई, अजून तिन्हीसांज नाही झाली, धूप आत्ताच..." म्हणत उन्नती दारात आली. तिने तवा बघितला, रिकामा कागद बघितला, सासूचा पांढराफटक चेहरा बघितला. तिच्या तोंडून शब्द फुटला तो कुजबुजून. "आई, तुम्ही धुपाटणं कुठे धरता हो?"

लतिका टेबलापाशी गेली आणि रिकाम्या स्टँडच्या खाली हात धरून दाखवला. "इथे. खालच्या जाळीपाशी. ते धूर आत ओढून घ्यायचं गं. मला वाटायचं... मला फार बरं वाटायचं."

"रोज?"

"तुझ्या कामाला यश यावं म्हणून."

उन्नतीला आधी हसू फुटलं, आवरेना असं. पण सासूचे ओठ थरथरताना दिसले तशी ती गप्प झाली आणि तिने लतिकाला खुर्चीत बसवलं. "अहो, पंखा आहे तो. समोर येईल ते ओढतो. वाटच बंद झाली, म्हणून आतला गरम वारा बाहेर पडेना. तापला की लॅपटॉप आपला जीव वाचवायला हळू चालतो. मी महिनोन् महिने त्या प्रोसेसरला शिव्या घालतेय. त्याचा काही दोषच नव्हता."

लतिका ते शेवटचं वाक्य ऐकून इतकी दचकली, की उन्नतीलाही उमजलं आपण काय बोललो ते. 

काम मात्र अर्धवट ठेवून चालणार नव्हतं. उन्नतीने स्क्रू अलगद फिरवून जुना प्रोसेसर उचलला, नव्याच्या कोपऱ्यातली सोनेरी खूण सॉकेटच्या खुणेवर आणली, वरून न दाबता तो नुसता ठेवला, तर आपल्या वजनाने आत बसला; मग स्क्रू परत फिरवून पक्का केला. त्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी लावून नळी आणि पंखा बसवला. मग हळद, जिरे, मोहरी, अशा उलट्या क्रमाने वाट्या रिकाम्या होत गेल्या. मधेच ती म्हणाली, "आई, हा हळदीतला एक उरला की हो." दोघींनी वाकून शोधलं तेव्हा त्याचं घर पंख्याच्या मागे सापडलं.

बॅटरी बसवून बटण दाबलं, तर पडदा काळाच राहिला.  उन्नती म्हणाली, "नवीन ओळख आहे, वेळ घेतो." आणि खरंच, मग उजेड आला. अर्धवट राहिलेलं एका स्वयंपाकघराचं चित्र उन्नतीने उघडलं, तर ओटा, कपाटं, खिडकीतलं ऊन, सगळं बघता बघता भरत गेलं. पंख्याचा आवाज कान देऊन ऐकावा लागत होता.

"झालं!" उन्नती ओरडली आणि तिने सासूच्या गळ्यात हात टाकले. लतिकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग हळूच तो हात सोडवून घेतला. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं. ती आत गेली, साडी नीट केली आणि पर्स घेऊन बाहेर आली.

"कुठे निघालात?"

"कारखान्यावर."

"आत्ता? अहो, तो रात्री येईलच ना. नाहीतर मी फोन लावून देते, सांगा त्याला."

"फोनवर नको म्हणालाय तो."

"तो रागात म्हणाला, आई. उपाशी आहात तुम्ही सकाळपासून. आणि दिवेलागण होईल एवढ्यात, तुमचा नेम..."

"तू लाव दिवा." लतिका चपला शोधत होती. लग्न झाल्यापासून ती दिवेलागणीला कधी उंबऱ्याबाहेर नव्हती. "नुसता दिवा लाव. नमस्कार कर. तेवढं पुरे."

"मी येऊ सोबत?"

"नको. एकटीने सांगायचंय ते."

ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली. कारखान्यापर्यंत ती कधी गेली नव्हती, रस्ता नुसता ऐकून माहीत होता. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. तिने साच्यांच्या कारखान्याचं नाव सांगितलं तसा रिक्षावाला मागे वळला.

"मावशी, आत्ता सुट्टीची वेळ नाही. गेटवर कोणाला आत सोडत नाहीत."

"नसू दे," लतिका पदर सावरून बसत म्हणाली. "गेटमध्ये बाकडं आहे म्हणतात. सुट्टीत माझा मुलगा तिथे येऊन बसतो. तोवर गेटबाहेर थांबेन मी."